लंडनात छापलेला अंगठा

संपादकांचं पत्र आलं: ‘विलायतेत शिकत असताना आपण एका साप्ताहिकाच्या कचेरीत उमेदवारी केलीत असं कळलं. त्यातल्या गमतीजमती लिहा. दिवाळी आहे, वाचकांना काही हलकंफुलकं हवं.’ मला हलकंफुलकं लिहिता येत नाही. आजवर लिहिली ती हँडबिलं आणि पत्रकं. ती रस्त्यात वाटायची. घेणाऱ्याने चुरगाळून टाकायच्या आत निदान पहिली ओळ त्याला बोचली पाहिजे, एवढीच आमची लेखनकला. तेव्हा फराळाचं ताट जरा बाजूला सारा.

माझे वडील शहापूरच्या कोर्टात वकील. मुलगा बॅरिस्टर होऊन यावा म्हणून त्यांनी मला लंडनला धाडलं. लढाई सुरू होण्याआधीची ही गोष्ट. तिथे बॅरिस्टर व्हायला ठरावीक जेवणं जेवावी लागतात. खोटं वाटेल, पण कायदा कमी आला तर चालतो, जेवण चुकून चालत नाही. ती जेवणं मी जेवलो आणि उरलेला सगळा वेळ एका तळघरात घालवला. त्या तळघरात एक साप्ताहिक निघायचं. साम्राज्यातल्या कुठकुठल्या रयतेची गाऱ्हाणी छापायची आणि ती पार्लमेंटातल्या चार भल्या सभासदांच्या हातात द्यायची, हा त्याचा उद्योग. संपादक मिस पार्सन्स. पन्नाशीची, उंच, केस पुरुषी कापलेले, बोटं सिगारेटने पिवळी. पगार नाही, चहा दोनदा.

काम काय, ते सांगतो. सकाळी टपाल फोडायचं. वर्तमानपत्रं कातरायची, कात्रणं डकवायची. मुद्रितं तपासायला दोघं बसायचे. एकजण मोठ्याने वाचणार, स्वल्पविरामसुद्धा उच्चारून, आणि दुसरा छापलेल्यावर बोट ठेवून जाणार. गुरुवारी अंकांवर वेष्टणं चढवून तिकिटं लावायची, म्हणजे दिवसभर जिभेला डिंकाची चव. यात देशसेवा कुठे आली असं मला पहिल्या महिन्यात वाटे. मी एक लेख लिहून मिस पार्सन्सच्या टेबलावर ठेवला. त्यात जुलूम होता, अत्याचार होता, नरकयातना होत्या, रक्त शोषणं होतं. तिने तांबडी पेन्सिल घेतली आणि शांतपणे एकेक शब्द खोडत गेली. शेवटी पानावर ‘आणि’, ‘परंतु’ आणि माझी सही एवढंच शिल्लक राहिलं.

“विशेषणं फुकट मिळतात,” ती म्हणाली, “म्हणून ती कुणी घेत नाही. कोण, कुठे, कधी? एवढं आणा.”

मला राग आला. पण एवढं माझ्याकडे होतं. माझ्या ट्रंकेच्या तळाशी एक कागद होता.

तो कागद असा आला. विलायतेला जायच्या आधीच्या पौषात मी मुरबाडकडच्या म्हशाच्या जत्रेला गेलो होतो. डोळखांबकडच्या शाळेतले गणूमास्तर माझे स्नेही. त्यांनी मला बैलबाजारातून ओढत घोंगडीवाल्यांच्या पालांमागे नेलं. तिथे डोंगरातल्या ठाकूर जमातीतला एकजण उकिडवा बसला होता. त्याला मी इथे लखमा म्हणतो. त्याचं खरं नाव छापणार नाही, पाड्याचंही नाही. एकदा छापून झालंय, तेवढं पुरे. पाडा शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या हद्दीवरचा, डोंगराच्या सोंडेवर. खाली जंगलखात्याचा बंगला, वर साहेबाची शिकारीची जागा. थंडीच्या सुरुवातीला साहेबाचा मुक्काम पडला की त्याचे पेटारे, खाटा आणि आंघोळीचा जस्ताचा टब पाड्याने डोक्यावरून वर न्यायचा. मजुरी नाही. ही वेठ. ती नेमकी भातकापणीत यायची. पिकलेलं भात शेतात उभं ठेवून माणसं टब वाहायची आणि परत येईतो अर्धं डुकरांनी लोळवलेलं असायचं.

त्या साली लखमाने एकदाच सांगितलं, “भात कापतू नि मंग येतू.” जंगलाच्या शिपायाने त्याला बंगल्याच्या अंगणात ओणवं केलं आणि पाठीवर धोंडा ठेवला. दुपारपर्यंत.

मी ते उतरून घेतलं. मास्तरांनी शाळेच्या शिक्क्याची शाई आणली होती. लखमाने अंगठा पुढे केला आणि तसाच थांबला.

“कागूद कोनाला देशील?”

“वरच्या साहेबाला.”

“दाखव. दाखवायला काय नाय. पन देऊ नको कोनाला. तुझ्याजवलच ठेव.”

“बरं,” मी म्हणालो. त्याने अंगठा उठवला. उजव्या हाताचा, रुंद, मधोमध कोयत्याच्या जुन्या जखमेचा आडवा वण. अंगठा कसला, शिक्काच म्हणा.

तो कागद वरच्या साहेबापर्यंत गेला नाही. वडिलांनी वाचला आणि म्हणाले, “आधी बॅरिस्टर हो, मग हे धंदे कर.” म्हणून तो ट्रंकेत गेला.

तर लंडनला त्या कागदावरून मी लेख लिहिला. कोण, कुठे, कधी, सगळं घालून. एकही विशेषण नाही. मिस पार्सन्सने तो वाचला आणि पहिल्यांदा मला स्वतःच्या डबीतली सिगारेट दिली.

तेवढ्यात मंगळवारचा म्हातारा आला. हे आमचं ठरलेलं गिऱ्हाईक. पूर्वी कोकणपट्टीत जंगलखात्यात मोठ्या हुद्द्यावर होता. आता पेन्शन खात दर मंगळवारी जिना उतरून यायचा आणि आमचा मागचा अंक टेबलावर आपटायचा. त्याला मराठी येत होतं. म्हणजे नोकराशी बोलण्यापुरतं येत होतं. पाणी आण, घोडा आण, चूप बस. आभार मानायचे झाले तर तो इंग्रजीत मानायचा. माझ्या टेबलावरचा तो लेख उलट्या बाजूने वाचून तो मला म्हणाला, “हे तू लिवला. इथं बसून लिवला. ठाकूर लोक कवा तक्रार करत नाय. अंगठा कुठं हाय? दाखव!”

मी ट्रंकेतून आणलेला तो कागद त्याच्या नाकासमोर धरला. म्हातारा चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिला. मग आपटायला आणलेला अंक काखेत मारून, टोपी घालून गेला. त्याच्या त्या माघारीची मला केवढी गुर्मी चढली!

“हा ठसा छापू या,” मी म्हणालो. “ब्लॉक करून, लेखाच्या मधोमध. मग बोलेल कोण?”

मिस पार्सन्स खिडकीकडे तोंड करून उभी होती. तळघराच्या खिडकीतून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसत. तिने विचारलं, “या माणसाला याचा त्रास होईल का? अंक तिकडे पोहोचतो?”

हा प्रश्न तिने मला विचारला. तिला ठाऊक नव्हतं. त्या कचेरीत ते फक्त मलाच ठाऊक असायला हवं होतं. आणि मी हसलो.

“तिथे? तिथे टपाल आठवड्यातून एकदा जातं. इंग्रजी सोडा, त्या पाड्यावर मराठी वाचणारं कुणी नाही.”

माझं हे वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलंय. त्यात खोटं एक अक्षर नाही. पाड्यावर कुणालाच वाचता येत नव्हतं. वाचणारे सगळे पाड्याच्या डोक्यावर बसलेले होते, आणि त्यांच्यापर्यंत टपाल रोज जात होतं. शहापूरच्या पेठेत वाढलेल्या पोराला डोंगरावरचा पाडा जगाच्या बाहेरचा वाटतो. सरकारला तो तसा वाटत नाही.

अंक निघाला. पान भरून लेख, मधोमध अंगठा, खऱ्याच्या दुप्पट मोठा. कोयत्याची जखम आडव्या रस्त्यासारखी स्पष्ट. एका सभासदाने तो पार्लमेंटात नेला आणि मंत्र्याला प्रश्न विचारला. मंत्री म्हणाला, चौकशी करू. त्या संध्याकाळी मी आमच्या खोलीतल्या हिंदी मंडळींना स्वतःच्या हाताने पिठलं करून घातलं. एकाने भाषणही केलं. लखमाचं नाव घेऊन टाळ्या पडल्या.

चार-पाच महिने गेले. मग उत्तर आलं. चौकशी झाली. त्या नावाची माणसं पाड्यावर तीन आहेत, तिघेही तक्रार केल्याचं नाकारतात. पाड्यातल्या सर्व प्रौढ माणसांचे अंगठे तपासले, छापलेल्या ठशाशी एकही जुळत नाही. सबब तक्रार बनावट.

मिस पार्सन्सला खुलासा छापावा लागला. मंगळवारी म्हातारा आला, खुर्ची ओढून बसला आणि या खेपेला त्याने चहाही मागितला. मी पेटलो. लखमावर पेटलो! अंगठा स्वतः दिला, माझ्या डोळ्यांदेखत, आणि शिपायाला पाहून नाकारला. मी मास्तरांना चार पानी पत्र लिहिलं. आता एकही विशेषण खोडणारं कुणी नव्हतं. ‘असल्या भेकड लोकांसाठी कुणी काय करावं? गुलामी यांच्या हाडांत मुरली आहे,’ असं त्यात होतं. पत्रकं लिहिणाऱ्याला ही वाक्यं विचार न करता येतात.

मास्तरांचं उत्तर दोन महिन्यांनी आलं. ते पत्र माझ्याकडे आहे. त्यातला भाग जसाच्या तसा देतो:

‘भाऊ, तुमचं पत्र मी पाड्यावर वाचून दाखवलं नाही, याबद्दल क्षमा करा. बुधवारी पाटलाने दवंडी दिली की शनिवारी चौकशीचा साहेब येणार, सगळ्यांनी अंगठे द्यायचे. शिपाई तुमच्या अंकाचं पान घेऊन आला होता, ते त्याने चावडीवर दाखवलं. जखम सगळ्यांनी ओळखली. न ओळखायला काय झालं? त्या अंगठ्याच्या हातची भाकर सगळ्यांनी खाल्लीय. रात्रीतून लखमा पळून गेला असता तर पाड्यावर धरपकड झाली असती. मग त्याची बायको बुधी हिने बिब्बे काढले. तुम्हाला माहीत आहे, बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतो आणि साल निघते. लखमाने दोन्ही अंगठ्यांना लावलं. पण एकट्याचेच अंगठे जळलेले दिसले तर साहेब काय समजायचं ते समजेल. म्हणून दुसऱ्याने लावलं, मग तिसऱ्याने. शनिवारपर्यंत पाड्यातल्या बाया-माणसांचा एकही अंगठा धड नव्हता. साहेबाने विचारलं, हे काय? म्हाताऱ्या पाटलाने सांगितलं, यंदा बिब्बे फार आलेत, फोडताना उडतं. शिपायाने शाई लावून सगळ्यांचे ठसे घेतले. कागदावर नुसते काळे डाग. बाकीच्यांचे अंगठे महिन्याभरात भरून आले. लखमाला जुन्या वणाच्या भेगेवर लागलं होतं, ते आत उतरलं. हात कोपरापर्यंत सुजला. शहापूरच्या दवाखान्यात नेईतो उशीर झाला. डॉक्टरांनी उजवा अंगठा मुळापासून काढला. माणूस वाचला. पत्र लांबलं. आपला, गणू.’

मी पत्र मिस पार्सन्सला इंग्रजी करून सांगितलं. तिने हातातली तांबडी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, “हे छापता येणार नाही.” मी म्हणालो, “नाही.” आमच्या साप्ताहिकाला मिळालेली सगळ्यांत खरी बातमी ती होती. कोण, कुठे, कधी, सगळं होतं तिच्यात.

लढाई तोंडावर आली तेव्हा मी परत आलो. बॅरिस्टर होऊन आलो, वडिलांनी स्टेशनवर हार घातला. भाद्रपदात मी मास्तरांबरोबर पाडा चढलो. इथे मी क्षमा मागायला गेलो असं लिहिलं तर बरं दिसेल. पण माझ्या पिशवीत कोरा कागद होता आणि शाईची डबी होती. मला दुसरी जबानी हवी होती. जबानी, बिब्बा, कापलेला अंगठा असं सगळं घालून एक पत्रक काढायचं, मुंबईभर वाटायचं, एवढं मी बोटीतच ठरवलं होतं.

लखमा पडवीत बसला होता. बुधी नाचणी पाखडत होती. तिने मान वर केली नाही. मी कागद काढला तसा लखमा हसला, अगदी मोकळं.

“आता कंचा देऊ रे?” त्याने उजवा हात पुढे केला. चार बोटं, आणि अंगठ्याच्या जागी चिंचोक्यासारखी गुळगुळीत कातडी.

“डावा हाय ना त्याचा,” सूप न थांबवता बुधी म्हणाली. “डावा पन ने. वकिलाचा पोर हाय, मोकला कसा जाईल?”

“गप गो.”

“का गप? दाखव म्हनला होता ना तू? दिऊ नको म्हनला होता ना? यानं पार दर्यापल्याड दिला.”

मी काही बोलायला लागलो. लखमाने तो चार बोटांचा हात हलवून मला थांबवलं. “तू लिवलंस, आमी पुसलं. झालं. कागूद ठेव पिशवीत. तुला खरंच काय करायचं हाय ना? मग कापनीत साहेबाचा मुक्काम येल, तवा हितं येऊन उभा ऱ्हा. तुझ्यासमोर शिपाई काय करतो ते बगू.”

एवढंच. लिहिण्यापेक्षा सोपं काम. कार्तिकात मास्तरांचा निरोप आला आणि मी गेलो.

भात पिवळं होऊन वाकलं होतं. लखमा शेतात होता. चार बोटांत कोयता धरवत नाही, म्हणून त्याने तो मनगटाला चिंधीने बांधला होता. एक मूठ कापायला त्याला तीन फटके लागत. बुधी पुढे कापत जायची आणि मागे येऊन त्याचं राहिलेलं कापायची. शिपाई आला तो पेटाऱ्यांच्या गाड्या बंगल्याशी लावूनच. मला पाहिलं मात्र, त्याने मुंडासं सारखं केलं.

“रावसाहेब! आपण? अरे, खुर्ची आणा!”

बंगल्यातून वेताची खुर्ची आली. मी उभाच राहिलो. मी त्याला सांगितलं, वेठ घेणं हुकमाविरुद्ध आहे, मी वकील आहे, वरपर्यंत जाईन. तो हात जोडून ऐकत होता.

“वेठ? वेठ कुठाय, रावसाहेब? ही माणसं खुशीनं येतात. आपणच इचारा.”

मी जमलेल्या पाड्याकडे वळलो. विचारलं. माणसं खाली पाहत उभी. कुणी बोललं नाही. का बोलतील? बोललेल्याचं काय होतं, ते माझ्यामुळेच तर सगळ्यांना माहीत झालं होतं.

मग शिपाई माणसं निवडत चालला. तू पेटारा, तू खाट, तुम्ही दोघं टब. लखमापाशी थांबला. त्याचा हात धरून उलटा-सुलटा केला आणि सोडून दिला.

“हा कामाचा नाय. यानं पेटारा पाडला तर? तू ऱ्हा घरी, कायमचा.”

म्हणजे पार्लमेंटात प्रश्न झाला, मंत्र्याने उत्तर दिलं, लंडनात खुलासा छापला, आणि या सगळ्याने वेठ सुटली ती एका माणसाची. शिपाई पुढे म्हणाला, “त्याची बायको घ्या. ए, तू चल.”

बुधीने कोयता पेंढीत खोवला आणि आली. तिच्यासाठी ओझं उरलं नव्हतं. शिपायाची नजर इकडे-तिकडे फिरली आणि माझ्या शेजारी थांबली.

“ही घे. रावसाहेब वर येतील तर बसायला पाहिजे ना.”

तिने खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली आणि रांगेत लागली. मी चार पावलांत तिला गाठलं आणि खुर्चीच्या पायाला हात घातला.

“दे इकडे. मी नेतो.”

“सोड,” ती पुढे पाहतच म्हणाली.

“माझ्यासाठी आहे ना? मला नको आहे खुर्ची. मी बसणार नाही.”

“बसू नको. पन तू घेतलीस तर माजं डोकं रिकामं दिसंल, नि तो मला पेटारा देल. खुर्ची हलकी हाय.” मग, पहिल्यांदाच माझ्यावर न रागावता, “तू मागून ये. शिपायाला वाटू दे तुला बसायचं हाय.”

वरपर्यंतची चढण दीड तासाची आहे. मी रिकाम्या हातांनी तिच्या मागून चाललो. वर पोहोचल्यावर शिपायाने खुर्ची आंब्याखाली मांडली, रुमालाने पुसली आणि म्हणाला, “बसा, रावसाहेब.” उतरताना तिच्या डोक्यावर दुसरं जड काही येऊ नये, म्हणून खुर्ची पुन्हा तिच्याच डोक्यावर यायला हवी होती. मी बसलो.